मापाला जुना ड्रेस

गल्लीतल्या निम्म्या बायकांचे खांदे टेलरताईच्या हाताखालून गेलेले. गळ्यात टेप अडकवल्याशिवाय तिचा दिवस सुरूच व्हायचा नाही. फक्त स्वतःच्याच घरातल्या, मागच्या खोलीतल्या भाडेकरू बाईंना तिने कधी टेप लावली नव्हती.

बाई सरकारी दवाखान्याच्या शवागारात कामाला. अपघातात चिरडलेली माणसं शिवून, धुवून घरच्यांच्या हवाली करायच्या. खोली देताना हे कळलं नव्हतं. कळल्यावर मधल्या दाराला कडी लागली. बाईंनी मागच्या बोळातूनच जायचं-यायचं. ठरवलं ताईच्या आईने, सांगायला गेली ताई.

ताईचा धाकटा भाऊ तेवढा हसायचा. "ताई, त्यापण तुझ्याच धंद्यातल्या. फक्त त्यांचं गिऱ्हाईक फिटिंगची तक्रार करत नाही."

भाचीच्या लग्नासाठी बाई कापड घेऊन बोळातल्या खिडकीशी आल्या. ताईने मापाला जुना ड्रेस मागितला. बाई म्हणाल्या, जुने सगळे सैल होतात, वाळलेय मी.

"असू दे, अंदाजाने करते," ताई म्हणाली.

ड्रेस खांद्यावरून ओघळायला लागला. बाईंनी पिना लावून तोच लग्नात घातला.

मग एका सकाळी भाऊ कामाला निघाला आणि चौकात ट्रकखाली आला.

दवाखान्यात म्हणाले, चेहरा बघू नका. आई हटून बसली, पोराचं तोंड बघितल्याशिवाय हलणार नाही. बाईंची त्या दिवशी सुट्टी होती. कळलं तशा धावत गेल्या आणि पाच तास आतून बाहेर आल्या नाहीत.

चादर बाजूला झाली तेव्हा भाऊ झोपल्यासारखा दिसत होता. आई त्याच्या गालावरून हात फिरवत राहिली. ताईची नजर गेली कानामागे. केसांत लपवलेली शिवण, बारीक, सगळे टाके सारखे. एवढी सफाई ताईच्या हाताला नव्हती. बाईंनी अंदाजाने काहीच केलं नव्हतं.

आठवड्याने बाई आईची चौकशी करायला आल्या. खिडकीशीच. अंगात तोच ड्रेस, खांद्याला पिन. ताईने उठून मधल्या दाराची कडी काढली, त्यांना आत घेतलं आणि गळ्यातली टेप हातात घेतली. बाई दोन पावलं मागे सरकल्या.

"राहू द्या ताई. हाताला वास असतो माझ्या."

"खांदा मोजायचाय. उभ्या राहा ना जरा."

साडेतेरा भरला. ताईने पंधरा शिवला होता. वीस वर्षांत कुणाचं एवढं चुकलं नव्हतं. आणि चुकलं म्हणायला तरी तिची जीभ कुठे रेटत होती? टेप तर तिने जाणूनबुजून लावली नव्हती. कुणी म्हणेल, उघडलं ना दार शेवटी. पण त्यासाठी घरातला एक जीव जावा लागला, हे ती कुणाला सांगणार?

आईने खुर्ची पुढे सरकवली. बाई टेकल्या न टेकल्याशा बसल्या, जरा वेळाने उठल्या आणि सवयीने मागे वळल्या.

"चपला बोळात आहेत माझ्या."

ताई स्वतः गेली. चपला हातात उचलून आणल्या आणि पुढच्या दारात ठेवल्या, भावाच्या बुटांशेजारी. ते अजून कुणी हलवले नव्हते.