पाहुणी मुलं

गावात शाळा पाच आणि त्यांच्यावर ऑफिस एक. ऑफिस वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर होतं, त्यामुळे तिथे ओरडायचं झालं तरी हळू ओरडावं लागे. निकाल सुधारला नाही तर पाचही शाळा शेजारच्या मोठ्या गावाच्या ऑफिसला जोडल्या जाणार होत्या, आणि तिकडच्या खुर्च्या आधीच भरलेल्या होत्या. त्यामुळे ऑफिसातल्या मॅडमना शिक्षणाची काळजी मनापासून वाटे.

मॅडमनी एक नियम काढला. सहामाहीनंतर शाळा बदललेल्या मुलाचे मार्क त्या वर्षी कुठल्याच शाळेच्या सरासरीत धरायचे नाहीत. नव्या शाळेने त्याला शिकवलेलं नाही, जुन्या शाळेत तो राहिलेला नाही. दोष कोणाला देणार? नियम न्यायाचा होता. पाचही हेडसरांनी आयुष्यात पहिल्यांदाच एखादं परिपत्रक शेवटपर्यंत वाचलं.

तेव्हापासून गावात कच्च्या मुलांची ये-जा सुरू झाली. सहामाहीनंतर वार्षिक परीक्षा जवळ आली की प्रत्येक शाळा आपली कच्ची मुलं दुसरीला देई आणि दुसरीची आपल्याकडे घेई. शिक्षकांच्या खोलीत या मुलांना 'पाहुणे' म्हणत. पाहुण्यांना मागच्या बाकावर बसवायचं, गोड बोलायचं आणि त्यांच्या वह्यांना हात लावायचा नाही, एवढा पाहुणचार ठरलेला होता. निकाल झपाट्याने सुधारला. बाहेरगावची माणसं तो बघायला आली आणि मान डोलावून गेली.

टेकडीवरच्या शाळेत पाहुणे कोण, हे गणिताच्या बाई ठरवत, कारण कच्चेपणा आधी गणितात दिसतो. बाई कामाला चोख. या वर्षीही त्यांनी एका मधल्या सुट्टीत आठ-नऊ नावं सांगितली आणि वर डबाही खाऊन झाला. आईबापांना काय सांगायचं तेही त्यांनीच सुचवलं होतं: "हवापालट झाला की मूल खुलतं."

मुलं गेली. आठवड्याने हेडसरांनी बाईंना बोलावलं.

"सगळं जमलंय, फक्त सरासरी थोडक्यात अडलीय," हेडसर म्हणाले. "आणखी एक पाहुणी पाठवली की सुटलो."

"कोण?"

हेडसर खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर सायकली होत्या.

"मीच सांगायचं का, बाई? सहावीत अपूर्णांक म्हटलं की पाणी प्यायला कोण जातं?"

पाणी प्यायला भुंगी जायची. एका जागी बसत नाही म्हणून भुंगी. ती बाईंची मुलगी.

"सर, ती माझी मुलगी आहे."

"म्हणून तर बोलावून विचारलं. बाकीच्यांना नुसतं कळवलं." हेडसर उठून दारापर्यंत आले. "आणि मी म्हणतो, हवापालट झाला की मूल खुलतं."

त्या संध्याकाळी बाईंनी ओटा पुसला. मग पुसलेला ओटा पुसला. नवरा म्हणाला, "ताईला सांग ना. तिच्याच तर हातात आहे सगळं." कारण ऑफिसातल्या मॅडम म्हणजे त्याची थोरली बहीण.

"तुमची बहीण, तुम्ही सांगा."

"माझं ती लहानपणापासून ऐकत नाही."

भुंगी एका पायावर उभी राहून ऐकत होती. "आई, मला पाठवणारेस?"

"तुला कोणी सांगितलं?"

"सगळे म्हणतायत. आमच्या वर्गातली उंच मुलगी गेली ना तिकडे, तिला कोणी रागवतच नाही."

"मग बरंच आहे की."

"काय बरंय? तिने उत्तर मुद्दाम चुकवलं, तरी तिकडच्या बाई 'छान' म्हणाल्या. ती घरी येऊन रडली."

बाईंनी फडकं पिळलं आणि तिसऱ्यांदा ओट्याकडे वळल्या. नवऱ्याने ते हातातून काढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर बाई वाचनालयाचा जिना चढल्या.

"बसा, बाई," मॅडम म्हणाल्या. ऑफिसात त्या भावजयीला 'बाई' आणि 'तुम्ही' म्हणत. घरी 'अगं' आणि 'तू'.

बाई बसल्या नाहीत. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. मॅडम ऐकताना पेपरवेट फिरवत होत्या.

"हे मला अधिकृतपणे माहीत नाही," त्या म्हणाल्या. "माहीत झालं तर थांबवावं लागेल."

"ताई, भुंगी आहे ती."

पेपरवेट थांबला. "आमची भुंगी? त्या हेडसरला काही अक्कल आहे का? थांब, आत्ता फोन करते. ती कुठेही जाणार नाही. झालं? घरी जा, चेहरा बघ कसा झालाय तुझा."

हवं ते मिळालं होतं. बाई जिना उतरल्या. खाली वर्तमानपत्र वाचणाऱ्यांनी मान वर केली, कारण बाई दारापर्यंत जाऊन परत फिरल्या, पुन्हा दारापर्यंत गेल्या, आणि पुन्हा जिना चढू लागल्या.

"आता काय राहिलं?"

"बाकीच्या मुलांचं काय?"

"कोणती बाकीची?"

"पाठवली ती. तीही कोणाची तरी भुंगीच आहेत."

"अगं, पण ती नावं दिली कोणी?"

"मीच. दहा मिनिटांत."

मॅडमनी दार लोटून घेतलं. "तुला कळतंय का, आकडा खाली आला तर ही खुर्ची जाईल?"

"जाईल."

"तुझ्या नवऱ्याला माझ्याच ओळखीने घर मिळालंय."

"ते पण आहेच."

"मग जा ना घरी! उभी काय राहिलीस?"

"बसवत नाही, ताई."

मॅडमनी पेपरवेट बाजूला सरकवला. मग हळू आवाजात ओरडल्या, "रविवारी मी जेवायला येणार नाही, सांगून ठेवते!" आणि टाइप करायला बसल्या. नवा नियम एका ओळीचा होता: वर्ष ज्या शाळेत सुरू झालं, मार्क त्याच शाळेचे, मूल कुठेही बसो.

दोन दिवसांत पाचही शाळांना आपापली मुलं जिवाभावाची वाटू लागली. परीक्षा तोंडावर आलेली. हेडसर स्वतः गाडी घेऊन मुलं परत आणायला गेले. सरासरी कुठे जाऊन पडणार हे सगळ्यांना दिसत होतं, आणि शिक्षकांच्या खोलीत गणिताच्या बाईंशी कोणी बोलेना.

सकाळी बाई वर्गात आल्या. परत आलेली मुलं दाराजवळच्या बाकावर दाटीवाटीने बसली होती, दप्तरं पाठीवरच. भुंगी आपली जागा सोडून त्यांच्यात घुसली होती.

"दप्तरं काढून ठेवा," बाई म्हणाल्या.

कोणी हललं नाही.

"परत कधी जायचंय, बाई?" उंच मुलीने विचारलं. तक्रार नव्हती, तयारी होती.

"कुठे नाही."

मुलीने मान हलवली, मोठ्यांच्या बोलण्याला हलवतात तशी. दप्तर काढलं नाही.

बाईंनी खडू घेतला, फळ्यावर अपूर्णांकांची बेरीज लिहिली आणि तिला उठवलं. ती दप्तरासकट फळ्यापाशी आली. वरचे आकडे वरच्यात मिळवले, खालचे खालच्यात, आणि बाईंकडे बघत राहिली.

"चूक," बाई म्हणाल्या. "साफ चूक. पुस आणि पुन्हा कर."

मुलीने डस्टर शोधला. दप्तरामुळे हात वर जाईना, म्हणून एका खांद्यावरचा पट्टा तेवढा खाली घेतला.