निळीच्या पाण्यातला निरोप

लाँड्रीच्या गल्लीत त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. कोऱ्या कागदावर देवाचा निरोप उमटतो म्हटल्यावर बायका हातातली कामं टाकून धावल्या होत्या. गल्लीत नव्यानेच आलेले एक महाराज कोरा कागद निळीच्या पाण्यात बुडवायचे, की कागद निळा आणि अक्षरं पांढरीशुभ्र!

"विश्वलहरी जागृत झाल्या!" महाराज गरजले. म्हणजे काय झालं, हे त्यांनाही विचारू नये.

इस्त्रीवाली लेकीचा हात धरून पुढे आली. लेकीला क्षय. सहापैकी चार महिन्यांच्या गोळ्या झालेल्या, पोर आत्ता कुठे बाळसं धरत होती. पण "एकदा दाखवायला काय जातंय?" म्हणून सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं होतं.

महाराजांनी तिचा कागद बुडवून डोळ्यांपुढे धरला. "निरोप स्पष्ट आहे. गोळ्या आजपासून बंद!"

इस्त्रीवालीने हात पुढे केला. "बघू तो कागद."

"बाई, ही देवलिपी. तुला काय कळणार?"

इथेच महाराज फसले. दवाखान्याची सिस्टर चार महिने रोज दुपारी लाँड्रीच्या ओट्यावर बायकांचा वर्ग घेत होती. गोळ्यांच्या पाकिटावरून अक्षरं गिरवून घ्यायची. इस्त्रीवालीने कागद हिसकावला आणि बोट फिरवत वाचलं, "पुढच्या... मंगळवारी... या."

"अगं बाई!" वर्गात तिच्या शेजारी बसणारी घडीवाली ओरडली. "माझ्याही कागदावर हेच! आणि मला म्हणाले, जावेनं करणी केलीय!"

"पण अक्षरं उमटली ना?" सासूबाई हटेनात.

इस्त्रीवालीने महाराजांच्या गठ्ठ्यातल्या कोऱ्या कागदावरून नख फिरवलं. "मेण आहे हे! मेण सांडलेल्या कपड्याला नीळ धरत नाही, वीस वर्षं बघतेय मी."

तिने दुकानातून मेणबत्ती मागवली, साध्या कागदावर काहीतरी खरडलं आणि महाराजांच्याच बादलीत बुडवलं. वेडीवाकडी पांढरी अक्षरं वर आली. महाराज चपला शोधायला लागले.

"काय लिहिलंयस गं?" सासूबाईंचा आवाज उतरला होता.

"'गोळ्या पूर्ण घे.' देवानं नाही, मी लिहिलंय. लेक माझी आहे! जो आपल्याला वाचू देत नाही, त्याचं ऐकायचं नाही. आणि मंगळवारी यायचंच असेल, तर सगळ्याजणी ओट्यावर या. सासूबाई, तुम्ही पुढच्या ओळीत बसा."