ओसेनहावनची खिडकी

आठ महिने झाले, मी ओसेनहावनला राहते आहे. तिथे माझं पाऊल अजून पडलेलं नाही, तो भाग वेगळा.

प्रत्यक्षात मी असते मेसईदला, दोह्याच्या दक्षिणेला, संजीवच्या कंपनीच्या क्वार्टरमध्ये. संजीव प्लँटवर गेला, ईरा शाळेत गेली, भाजी फोडणीला पडून झाली की मी पडदे ओढून घेते. इथलं ऊन घरात घेण्यासारखं नसतं. एसीची घरघर चालू असते. मी कोचावर पाय वर घेऊन डोळे मिटते आणि बंदरावरून चालायला लागते.

डाव्या हाताला होड्या. त्यांचे दोर हलतात आणि कुठेतरी लोखंडावर काहीतरी टुकटुक वाजत राहतं. उजव्या हाताला विटांची बुटकी घरं, एकमेकांना खांदा लावून उभी. सातवं घर आमचं. दार गडद हिरवं, दाराशेजारी एक मोठी खिडकी, खिडकीत पितळी दिवा. आत गेलं की जिना. तो इतका उभा आहे की कपड्यांची बादली घेऊन त्यावर चढायचं काम संजीवचं, हे मी केव्हाच ठरवून टाकलं आहे. स्वयंपाकघराच्या भिंतीत एक कोनाडा आहे, तिथे देव बसतील. वरच्या खोलीतून समुद्र दिसतो, राखाडी, थंड, सकाळी धुक्यात अर्धा बुडालेला. मी त्या खिडकीशी उभी राहते आणि मला स्वेटर घालावासा वाटतो. मग ईराची बस येते, बेल वाजते, आणि मी मेसईदला परत येते.

हे खूळ माझं नव्हे, संजीवचं. गेल्या ऑक्टोबरात कंपनीने त्याला पंधरा दिवस रॉटरडॅमच्या बाजूला पाठवलं होतं. एका रविवारी हा चुकीच्या बसमध्ये बसला आणि शेवटच्या थांब्यावर उतरला. तिथून त्याने मला फोन केला.

"उल्का, हे गाव बघ. ओसेनहावन."

मला ऐकू आलं हवन. म्हटलं, यज्ञयागाचं गाव दिसतंय, तिथे हा काय करतोय. मग त्याने हसत सांगितलं की हावन म्हणजे बंदर. फोन फिरवून त्याने सगळं गाव दाखवलं. दुपारी तीन वाजता रस्त्यावर माणूस नाही, नुसते बगळे. फोन ठेवताना तो म्हणाला, "इथे आपलं एक घर हवं होतं."

माझं माहेर वेंगुर्ल्याचं. तिथे डच लोकांनी वखार बांधली होती, तिच्या पडक्या भिंतींत आम्ही लहानपणी लपाछपी खेळायचो. तेव्हा मी म्हटलं, ते आमच्याकडे येऊन घर बांधून गेले, आपण त्यांच्याकडे एक घेतलं तर काय बिघडलं? मी आपली चेष्टा केली होती. पण मार्चमध्ये तिथल्या कंपनीने संजीवला नोकरीच देऊ केली आणि चेष्टेला पाय फुटले. ओसेनहावनमधलं एक घर विकायला निघालं. रोज संध्याकाळी चहा घेऊन आम्ही दोघं त्याचे फोटो बघत बसायचो. तेच अठरा फोटो. एकोणिसावा कधी निघेल म्हणून नव्हे, त्या अठरांतच बरं वाटायचं म्हणून.

एक सांगते, तिथल्या घरांत पडदे ओढत नाहीत. रस्त्यावरून जाणाऱ्याला टेबलावरचा चहासुद्धा दिसतो.

"म्हणजे मी मॅक्सीवर बसलेली असले तरी?" मी विचारलं.

"लोक बघत नाहीत गं," संजीव म्हणाला.

"मग उघडं तरी कशाला ठेवतात?"

पण मला हळूहळू ती खिडकी आवडायला लागली. बावीस वर्षं मी कंपनीच्या घरात राहिले. इथे भिंतीला खिळा मारायचा नाही, असा नियम आहे. आमचे सगळे फोटो कपाटावर टेकून उभे आहेत, लग्नाचासुद्धा. दर वर्षी संजीवचं काम वाढलं की आमचं राहणं एक वर्ष वाढतं. मला आता एक खिडकी हवी होती, जिच्यात मी ठेवलेला दिवा मी उचलेपर्यंत तिथेच राहील.

आता आमच्या घरातल्या एका शब्दाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. तो शब्द म्हणजे इन्शाल्ला. इथे तो सगळेच म्हणतात. संजीवचा साहेब जियाद मनापासून म्हणतो आणि त्याने कबूल केलेलं काम होतंच. संजीवने तो शब्द उचलला, मन मात्र उचललं नाही. ईरा पाच वर्षांची असताना विचारायची, बाबा, शुक्रवारी बीचवर जायचं? संजीव म्हणायचा, इन्शाल्ला. शुक्रवारी तो दुपारपर्यंत घोरत असायचा. वेंगुर्ल्याला आईकडे महिनाभर राहू या? इन्शाल्ला. मांजर पाळू या? इन्शाल्ला. सहाव्या वर्षी ईराने त्याचा अर्थ आपला आपण लावला आणि विचारणंच बंद केलं. तोंडावर नाही म्हणायचा त्याला धीर नाही. वाईटपणा देवावर टाकून हा मोकळा.

तर घराच्या मालकीणबाईंचा व्हिडिओ कॉल ठरला. त्यांचं नाव ग्रीट, वय ऐंशीच्या पुढे. नवरा मासेमार होता, तो वारला, आणि त्या आता लेकीच्या गावाला निघाल्या होत्या. घराला गिऱ्हाइकं दोन, एक आम्ही आणि दुसरं मोठ्या शहरातलं जोडपं. एजंटने आधीच कळवलं होतं की आजी दोघांशी बोलतील आणि त्यांच्या मनाला येईल त्याला घर देतील.

मी हिरवी साडी नेसले, दाराला जुळती. संजीवने टाय लावला. ईरा पलीकडच्या खुर्चीत मोबाइल घेऊन बसली, पण कान इकडेच होते.

पडद्यावर आजी दिसल्या. पांढरे केस, निळा स्वेटर, मागे तीच खिडकी. मी माझ्याच घरात कुणी परकी बाई बसलेली बघावी तशी बघत राहिले. त्या इंग्रजी सावकाश बोलत होत्या, शब्द शोधत. संजीवने नोकरीचं सांगितलं, कागदपत्रांचं सांगितलं. आजींनी ऐकून घेतलं आणि त्यांना त्यात काही रस नसल्याचं दिसलं.

मग त्यांनी एकच प्रश्न विचारला. "उन्हाळ्यात इथे सगळ्यांच्याच खिडक्यांत उजेड असतो. हिवाळ्यात सुट्टीपुरते येणारे निघून जातात आणि अर्ध्या गल्लीत अंधार असतो. मला सांगा, हिवाळ्यात या खिडकीत दिवा असेल का?"

मला उत्तर येत होतं. आम्ही रोज तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावतो, तुमच्या खिडकीतही लावू, एवढं साधं वाक्य इंग्रजीत जुळवत मी तोंड उघडलं. त्याआधी संजीव बोलला.

"इन्शाल्ला," तो म्हणाला.

ईराने मोबाइलमधून मान वर केली.

आजींनी त्या शब्दाचा अर्थ विचारला. संजीव गडबडला. त्याने सांगितलं, देवाच्या मनात असेल तर. आजींनी चष्मा काढून स्वेटरला पुसला. मग म्हणाल्या, "माझा नवरा होडी सोडताना हेच म्हणायचा. शनिवारी येईन, देवाच्या मनात असेल तर. नुसतं येईन असं कधीच म्हणाला नाही. समुद्रावर जाणारा माणूस तसं म्हणत नाही. शहरातले लोक मला म्हणाले, हो, नक्की, शंभर टक्के. मला ते आवडलं नाही. घर तुमचं."

एजंटने लगेच पुढचं सांगितलं. तिथल्या रीतीप्रमाणे विचार करायला तीन दिवस, शुक्रवारपर्यंत आम्ही हो कळवायचं. आजींनी हात हलवला. पडदा काळा झाला.

संजीवने टाय सैल केला. "मिळालं की गं," तो म्हणाला.

"बाबा, यू सेड इन्शाल्ला," ईरा म्हणाली. "दॅट मीन्स नो." आणि ती आपल्या खोलीत निघून गेली.

मी चहाचे कप उचलले. संजीव माझ्यामागे स्वयंपाकघरात आला. म्हणाला, सवयीने तोंडातून गेलं. मी म्हटलं, सवय कसली, ते मला माहीत आहे. मी मराठीत विचारते, मराठीत सांग. आपण जाणार आहोत की नाही?

तो फ्रिजला टेकून उभा राहिला. म्हणाला, "मला ते घर रोज संध्याकाळी बघायला आवडतं. तेवढ्यावरच माझं भागत होतं."

"माझं भागत नाही. मी राहते तिथे."

"इथे सगळेच बाहेरचे आहेत, उल्का. कुणाला कुणाचं विशेष वाटत नाही. तिथे त्या गल्लीत आपणच फक्त बाहेरचे. मी बावन्न वर्षांचा आहे. उद्या नाही जमलं तर? इतकी वर्षं पुढच्या वर्षाबद्दल कुणी विचारलं की मी इन्शाल्ला म्हणत आलोय. नुसतं हो म्हणायला तोंडच उघडत नाही."

मला त्याचा राग आला आणि कणवही आली, दोन्ही एकदम. मी कप विसळत राहिले.

पुढचे दोन दिवस आम्ही मीठ, चावी, ईराची फी एवढंच बोललो. दुपारी मी पडदे ओढून डोळे मिटले, पण बंदर येईना. होड्यांपर्यंत पोचायचे आणि तिथेच एसीची घरघर ऐकू यायची. हिरव्या दाराशी जाऊन उभी राहिले तर ते बंद. मला रडू आलं. जे घर कधी बघितलं नाही त्याच्यासाठी रडताना बाईला लाज वाटते, म्हणून नळ सोडून रडले.

शुक्रवार इथला सुट्टीचा, पण त्या शुक्रवारी संजीवला सुट्टी नव्हती. प्लँटवर दुरुस्तीचं काम निघालं होतं. सकाळी सहाला त्याने डबा घेतला, दारातल्या स्टुलावर बसून बूट चढवले, नाड्या बांधल्या आणि उठताना म्हणाला, "येतो."

रोजच म्हणतो. आपल्यात घरातून निघताना जातो म्हणत नाहीत. लग्न झाल्यापासून कामावर निघताना तो येतो म्हणत आला आहे आणि मी आतून हं म्हणत आले आहे. त्या दिवशी मी हं म्हटलं नाही. हात पुसत बाहेर आले.

"हे म्हणताना इन्शाल्ला का म्हणत नाहीस?"

तो थबकला. "काय?"

"प्लँटवर गॅस, आग, उंच टाक्या. रस्त्यावर ते ट्रेलर. परत येशील याची तुला कुणी खात्री दिली आहे? पुढच्या वर्षाबद्दल, मांजराबद्दल, सगळ्याबद्दल इन्शाल्ला. मग रोज सकाळी नुसतं येतो कसं म्हणतोस?"

संजीवने डबा या हातातून त्या हातात घेतला. त्याला हे कधी सुचलंच नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. बाहेर कंपनीची बस वळणावर आल्याचा आवाज झाला.

"तू असतेस ना इथे," तो म्हणाला. "मग यायचंच असतं."

बावीस वर्षांत त्याने मला असं काही ऐकवलं नव्हतं, आणि आता ऐकवलं तेही दारात, बूट घालून.

"अरे, मग मी तिथेही असणार आहे," मी म्हटलं. "हिरव्या दाराच्या आत. पडदे उघडे टाकून. मॅक्सीवर."

तो हसला नाही. परत स्टुलावर बसला, डबा खाली ठेवला आणि खिशातून मोबाइल काढला. बसने एकदा हॉर्न दिला, मग दुसऱ्यांदा दिला. तो दोन बोटांनी टाइप करत होता, ओठ हलवत. मी त्याच्या खांद्यावरून वाकून बघितलं. ग्रीट आजींच्या नावाने ईमेल होती. त्यात दिव्याबद्दल एक ओळ होती की रोज संध्याकाळी लावू, माझी बायको लावेल, मी कामावरून आलो की मला रस्त्यावरून दिसेल. त्याखाली इंग्रजीत एवढंच होतं की आम्ही येतो.

पुढे तो शब्द लिहितो का म्हणून मी वाट बघितली. त्याने बटण दाबलं.

तोवर बस निघून गेली होती. संजीवने बूट पायात तसेच ठेवले, डबा उघडला, आणि आम्ही दारातच बसून त्यातली पोळीभाजी खाल्ली.