लोंढा कुठवर येईल

जावा बेटावर, बांडुंगच्या संगणक प्रशिक्षणाला लोडोविका आली ती आधीच हरल्यासारखी. फ्लोरेस बेटावर, बजावा शहरातल्या आपत्ती कार्यालयात ती भूशास्त्रज्ञ म्हणून लागली होती. डोंगर चढायला सांगा, दगड फोडून त्याची जात ओळखायला सांगा, ती कुणाला हार जायची नाही. पण संगणकापुढं बसून कोड लिहायचा म्हटलं की तिचे हात गार पडायचे. वर्गातली बाकीची पोरं बहुतेक जावाची. कुणी ज्वालामुखीवर काम करणारी, कुणी नद्यांवर. ती सगळी बोटं न बघता टाइप करायची, आणि लोडोविका एकेक अक्षर शोधत बसायची.

शिकवायला इबू रेंगानिस, म्हणजे रेंगानिस बाई, होत्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, हातात कायम आल्याच्या गरम पाण्याचा थर्मास. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "पडद्यावर लाल अक्षरं आली की घाबरायचं नाही. चूक कुठं राहते त्याचा पत्ता असतो तो. पत्ता मिळाला की जायचं, भेटून यायचं."

लोडोविकाला असे पत्ते ढिगानं मिळत होते.

शेजारी गिलार बसायचा. बांडुंगचाच, एका हातानं बातागोर, म्हणजे माशाचे तळलेले वडे, खात दुसऱ्या हातानं कोड लिहिणारा. "विका, तू कळफलकावर तांदूळ निवडतेस काय गं?" तो विचारायचा. ती म्हणायची, "निवडते. तुझ्यासारखे खडे खात नाही, कांग." तिकडं कांग म्हणजे दादा. अशी त्यांची जमली होती.

दुसऱ्या आठवड्यात इबूंनी प्रत्येकाला आपापल्या भागातली एखादी जागा घ्यायला सांगितली. डोंगराचा उतार संगणकात उभा करायचा, वरून माती सोडायची आणि ती कुठवर वाहत जाते ते बघायचं. लोडोविकाला विचार करावा लागलाच नाही. मागच्या पावसाळ्यात वाए मोलो वस्तीवर दरड कोसळली होती. माणसं वाचली, घरं गेली. त्या लोकांना वसवायला पलीकडच्या उतारापाशी एक माळ ठरला होता. तिचे साहेब, बापा मेओ, यांनी तो निवडला होता आणि महिन्याभरात पायाभरणी व्हायची होती. त्या माळावर काही येत नाही, एवढं दाखवलं की आपलं काम झालं, असं तिच्या मनात होतं.

संगणकानं हिशेब संपवला आणि नकाशा उमटला. जिथं चिखल पोचतो तिथं लाल रंग. सगळा माळ लाल होता.

तिनं पुन्हा चालवून पाहिलं. पुन्हा लाल.

"माझंच काहीतरी चुकलंय," ती पुटपुटली.

गिलार वाकून बघू लागला. "घर्षणाचा आकडा किती घेतलायस? जरा वाढव. माती जमिनीला जास्त धरून राहील." त्यानं हात लांबवून आकडा बदलला. लाल रंग मागं सरकला, माळ सोडून डोंगराच्या पायथ्याशी जाऊन बसला. "झालं! आता दुपारी दाखव आणि सूट."

लोडोविकाला बरं वाटलं. जेवणाच्या सुट्टीत ती सगळ्यांबरोबर नासी तिंबेल खायला गेली. पण केळीच्या पानातला भात उलगडताना तिचं लक्ष लागेना. एक आकडा हलवला की लोंढा येतो, हलवला की जातो. मग माळावर खरंच काय येणार, ते कुणी ठरवायचं? गिलारच्या बोटानं?

ती उठून इबूंच्या टेबलाशी गेली आणि सगळं सांगून टाकलं.

इबूंनी थर्मासचं झाकण लावलं. "आकडा वाढवलास तेव्हा तुला काय हवं होतं?"

"लाल रंग जायला हवा होता."

"मिळालं की मग. मॉडेल फार आज्ञाधारक असतं, पोरी. म्हणून त्याला आपल्याला हवं ते विचारायचं नसतं." मग त्यांनी विचारलं, "मागच्या वर्षी दरड आली, ती कुठं थांबली ते माहीत आहे?"

"मीच मोजलंय. चिखल ओला होता तेव्हा कडेकडेनं चालले होते."

"मग आधी तीच दरड पाडून दाखव. घडून गेलेलं ज्याला सांगता येत नाही, त्याचं पुढचं कशाला ऐकायचं?"

दुपारी लोडोविकानं जुनी दरड संगणकात सोडली. नकाशा मोठ्या पडद्यावर लागला होता, सगळे बघत होते. चिखल निघाला आणि नदीकडं जायचा तो उलटा, चर्चच्या टेकडीवर चढला. वर्ग खो खो हसला. "फ्लोरेसची माती भाविक आहे!" मागून कुणीतरी ओरडलं. लोडोविकाचे कान तापले, पण हसू तिलाही आवरेना.

इबू हसल्या नाहीत. "उत्तर दिशा कुठं आहे तुझ्या नकाशात?"

तिनं पाहिलं. उंचीचे आकडे वाचताना ओळी खालून वर भरल्या गेल्या होत्या. उत्तरेची बाजू दक्षिणेला जाऊन अख्खा डोंगर उलटा झाला होता, आणि त्याच उलट्या डोंगरावर तिनं सकाळपासून माती सोडली होती. माळ लाल झाला तोही खोटा, आणि गिलारनं मोकळा केला तोही खोटा.

एक ओळ बदलायची होती. ती तिनं बदलली. मग घर्षणाचा आकडा थोडा थोडा हलवत राहिली, जुनी दरड आपण चाललो होतो त्या कडेपाशी येऊन थांबेपर्यंत. हळूहळू ती थांबली. अगदी हुबेहूब नव्हे, पण ओळखू येण्याइतकी. तुटलेला पूल, गाडली गेलेली कॉफीची झाडं, सगळं रंगाखाली आलं.

मग तेच आकडे घेऊन तिनं माळाच्या वरच्या उताराची माती सोडली. आता चूक सापडलीय, लाल रंग जाईल, अशी आशा होतीच. तो पूर्ण गेला नाही. माळाचा वरचा भाग मोकळा राहिला, खालचा अर्धा बुडाला. आकडे जरा इकडं तिकडं करून पाहिले तरी कमीजास्त तेच.

"आता?" तिनं विचारलं.

"आता कोडचं काम संपलं," इबू म्हणाल्या. "फोन कर."

अंगणात आंब्याच्या झाडाखाली उभं राहून तिनं बापा मेओंना फोन लावला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि आवाज चढवला. "अगं नोना, पोरी, मी इथं तीस वर्षं डोंगर बघतोय. आणि तुझा संगणक दोन आठवड्यांत मला शिकवणार?"

"संगणक काही म्हणत नाही, बापा. मी म्हणतेय."

"खात्री आहे तुला?"

हो म्हणणं सोपं होतं. "नाही. सकाळी माझा डोंगर उलटा होता. आता सुलटा आहे असं वाटतंय. खात्री नाही, पण खालच्या बाजूला मुलांना झोपवायला मी सांगणार नाही."

"परत ये. मग बघू," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

ती परतल्यावर बापा मेओ आणि ती, दोघं माळावर गेली. खालच्या बाजूला खड्डे खणले. दोनांत काही मिळालं नाही. तिसऱ्यात काळ्या मातीखाली दगडगोट्यांचा थर लागला, जुन्या काळी डोंगरावरून वाहून आलेला असावा असा. किती जुना, कुणाला ठाऊक. बापा मेओ खड्ड्याच्या काठावर बसून सिगरेट संपेपर्यंत त्याकडं बघत राहिले. कार्यालयात गेल्यावर त्यांनी आराखडा मागवला आणि सगळी घरं वरच्या बाजूला सरकवली. खाली मका आणि रताळी.

लोकांना हे रुचलं नाही. घरं भिंतीला भिंत लावून उभी राहिली. डुकरं बांधायला जागा पुरेना. पुढचा पावसाळा दणकून झाला, पण उतार जागचा हलला नाही. लोडोविका पाऊस मोजायला वस्तीवर गेली की वस्तीतली बोकी मावशी, तांता बोकी, तिला दारातच गाठायची. "नोना, शेजारचा घोरतो ते मला ऐकू येतं, आणि तुझा डोंगर गप्प! कधी येणार म्हणालीस तो लोंढा?"

"येऊच नये, तांता."

"मग आम्हाला असं दाटीवाटीनं कशाला बसवलंस?"

लोडोविका पाऊस मोजायच्या भांड्याकडं वळायची. दरड आली नाही तर आपण बरोबर होतो की चूक, हे कधीच कळणार नाही. रात्री जोराचा पाऊस लागला की ती जागी व्हायची, आणि उतार घसरावा असं आपल्याला चुकूनसुद्धा वाटत तर नाही ना, हे स्वतःला विचारून बघायची. वाटत नव्हतं. तेवढ्यावर ती पुन्हा झोपायची.

एक दिवस बापा मेओ स्वतःची खुर्ची ओढत तिच्या टेबलाशी आले. हातात दुसऱ्याच एका गावाचा नकाशा होता.

"इथं शाळा बांधायचीय," ते म्हणाले. "तुझं ते मॉडेल लाव बघू. आणि हे बघ, तू बरोबर होतीस असं मी म्हणत नाहीये."

"मीपण म्हणत नाही, बापा," लोडोविका म्हणाली. "इथं आधी कुठं कुठं घसरलंय, ते सांगा. तिथूनच सुरू करू."

बापा मेओंनी चष्मा लावला आणि नकाशावर बोट ठेवलं.