दांड्याची थरथर

आज सकाळपासून आभाळ खाली उतरून बसलंय. पडत नाही, उघडतही नाही. वाऱ्याचं नाव नाही. अशा कोंदट दिवशी मला बोलावंसं वाटतं, तर ऐका.

मी एक लोखंडी दांडा आहे. गडब गावच्या दिनानाथच्या पोहेगिरणीत तूस उडवणारा पंखा आहे ना, तो माझ्या अंगावर बसवलाय. अष्टमी गावच्या काळुरामने मला लेथवर घडवलं. दोन टोकांना दोन बेरिंगा, त्यांच्या मांडीवर मी फिरतो. आता त्याही म्हाताऱ्या झाल्या, जरा सैल पडल्या.

माझी एक खोड आहे. वेग वाढत गेला की मधल्या एका टप्प्यावर अंगात थरथर भरते. पूर्वी खटका दाबला की तो टप्पा मी झर्रकन ओलांडायचो. कुणाला कळायचंही नाही.

यंदा दिनानाथने वेग कमीजास्त करायचं नवं बटण बसवलं. मला म्हणाला, "म्हातारा झालास. आता हळू चाल." जीव आहे त्याचा माझ्यावर. रोज हलक्या हाताने बटण फिरवायचा आणि नेमका त्या थरथरीवर आणून ठेवायचा. त्याखाली नेलं तर तूस उडत नाही, म्हणून तिथंच. मी कापायचो. त्याला वाटायचं, थकलाय बिचारा.

भिंतीला भिंत लावून जनूचा गणपतीचा कारखाना. माझी थरथर भिंतीतून त्याच्या फळ्यांवर जायची. ओल्या शाडूच्या सोंडा तडकायला लागल्या. आज तो तावातावाने आला.

"दिन्या, हा तुझा म्हातारा माझा एक गणपती धड ठेवत नाय!"

"काय करू रे? हळूच तर चालवतो."

"हळू? माझ्या चहाची बशी चालत जाते रे!"

 दिनानाथ म्हणाला, "वडखळचा भंगारवाला येतोय दुपारी. देतो काढून." बोलताना त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

त्याची बायको मैना पाटी घेऊन उभी होती. "अवो, तो यायच्या आत एवढं तरी उरकू द्या. गिऱ्हाईक दारात बसलंय." आणि घाईघाईत तिने बटण पार टोकाला फिरवलं.

मी थडथडलो. फळीवरचा डबा खाली आला. "मैने, मोडशील गो त्याला!" दिनानाथ धावला. तेवढ्यात थरथर गेली. एकदम गेली, कुणी अंगावरचं कांबळं ओढून घ्यावं तशी.

घाबरून त्याने बटण मागे घेतलं, रोजच्या खुणेवर. म्हटलं, आता थरथर परत धरणार. धरलीच नाही. खूण तीच, वेगही तोच. खालून चढत आलो की अंग कापतं, वरून उतरत आलो की कापत नाही. असं का, ते मला सांगता यायचं नाही.

"बंद पडला काय वो?" मैनाने विचारलं.

"नाय गो. फिरतोय." दिनानाथने बेरिंगवर तळहात टेकला. बराच वेळ काढलाच नाही. मग भंगारवाल्याला फोन लावला, "नको येऊ रे. रोह्याला जाऊन नव्या बेरिंगा आणतो त्याला."

आमच्यासारख्यांना जरूर जपा. फक्त त्या कापऱ्या टप्प्यावर थांबवून ठेवू नका, झटकन पलीकडे जाऊ द्या.

भिंत गप्प झालेली बघून जनू परत आला, कोपरापर्यंत शाडू माखलेला. माझ्यापाशी वाकला आणि म्हणाला, "म्हाताऱ्या, सोंडा जोडायला बसतोय मी. शिंकू नको हां."