शिळं पाणी

आमच्या भागात नळ पाच-सहा दिवसांनी येतो. तो आला की जुनं पाणी ओतायचं आणि ताजं भरायचं, हे हुबळीत कुणाला शिकवावं लागत नाही. ओतलेल्या पाण्याने फरशी पुसा, गाडी धुवा, कुंड्यांना घाला. पण शिळ्यावर ताजं घेतलं तर चार बायका नावं ठेवतात.

मी प्रेमानंद. हुबळी-धारवाड रस्त्यावरच्या एका डेटा सेंटरमध्ये वीज आणि थंडावा सांभाळतो. आयटीआय शिकलेला माणूस, पण अकरा वर्षं ही इमारत मीच अंगावर घेतली आहे. पूर्वी इथे कॉलेजांचे निकाल, दवाखान्यांची कागदपत्रं असला माल असायचा. यंत्रांच्या एका कपाटाला दोन गिझरइतका करंट पुरायचा. वीज गेली आणि एसी दहा मिनिटं बंद राहिला तरी खोली गारच असायची. मी हातातला चहा संपवून उठायचो.

मग एआयची सहा कपाटं आली. एकेक कपाट वीस गिझरइतका करंट खातं आणि तेवढीच उष्णता ओकतं. ट्रान्सफॉर्मर बदलला, जनरेटर बदलले, वजन पेलेना म्हणून फरशी फोडून खाली लोखंड घातलं. एसीच्या हवेला तर ही यंत्रं जुमानेनातच. शेवटी पाण्याचे पाइप थेट यंत्रांच्या पोटात नेले. उभा जन्म मी करंटपासून पाणी लांब ठेवण्यात घालवला, आणि आता म्हणे दोघांचा संसार मीच लावून द्यायचा! पंप बंद पडला तर दहा मिनिटं सोडा, एक मिनिटही धड मिळत नाही. चहा हल्ली मी उभ्यानेच पितो.

त्यात बेंगळुरूहून दोन सर्टिफिकेटवाले इंजिनियर येणार अशी कुजबुज होती. जुन्यांपैकी कुणाला ठेवायचं ते महिन्याअखेर ठरणार होतं. जुना म्हणजे मीच. बाकीचे केव्हाच निघून गेले होते.

यंत्रांच्या पोटातलं पाणी साधं नसतं. क्षार पार काढून टाकलेलं ते पाणी निळ्या ड्रममधून येतं. आतल्या वाटा केसाएवढ्या बारीक. नळाचं पाणी गेलं तर गिझरमध्ये धरतो तसा पांढरा थर धरतो आणि वाट बुजते. पंपाची खोली जुन्या काळच्या मापाची, तिथे हा ड्रम मावेना. म्हणून तो मागच्या बोळात, वापरायच्या पाण्याच्या ड्रमांच्या रांगेत ठेवला. तोही मीच ठेवला. त्याच आठवड्यात, सोमवारी, थोडं पाणी लागलं तेव्हा त्याचं सीलही मीच फोडलं.

गुरुवारी सकाळी पारूअक्का बोळात फरशी पुसत होती. ती आमच्या गल्लीतली, माझ्या आईची मैत्रीण. आई गेल्यावर मीच तिला इथे सफाईच्या कामाला लावलं. साहेबलोकांसमोर ती मला 'साहेब' म्हणते, एरवी प्रेमा.

"जयभीम, प्रेमा. परवा नळ आला बघ, समदे ड्रम भरून ठेवले," ती म्हणाली. "त्यो निळा बी. किती दिवसांचं पाणी हुतं त्यात! वतून घासून भरला."

काल सकाळी त्याच ड्रममधून चाळीस लिटर पाणी मी पंपाने यंत्रांच्या पाइपात भरलं होतं.

"अक्का, निळा? नक्की निळा?"

"व्हय. का रं?"

मी पंपाच्या खोलीकडे पळालो. पाण्याची शुद्धता मोजायचं मीटर बुडवलं. परवापर्यंत आठवर असलेला आकडा एकोणचाळीसवर होता. पन्नास ओलांडले की बेंगळुरूच्या ऑफिसात घंटा वाजते. एकोणचाळीसला कुठेच काही वाजत नाही.

गप्प बसलो तर? थर काही एका दिवसात धरत नाही. दोन-तीन महिन्यांनी एखादं यंत्र तापेल, बंद पडेल, तोवर या चाळीस लिटरांची आठवण कुणाला राहणार? महिनाअखेर तर पार पडेल. हा सगळा विचार मी केला, अगदी नीट, पायरी पायरीने, आणि मला स्वतःची लाज वाटली. अकरा वर्षांत एक यंत्र मी हाताने मारलेलं नाही.

सांगायचं ठरवलं आणि परत बोळात आलो, तेव्हा भिंतीवरचा पुठ्ठा दिसला. चार वर्षांपूर्वीचा, चिकटपट्टीने लावलेला. वर कन्नडमध्ये, खाली मराठीत: 'नळ आल्यावर सर्व ड्रम रिकामे करून ताजे पाणी भरावे.' खाली माझी सही. पारूअक्काला वाचता येत नाही, म्हणून तेव्हा मी तिला तोंडानेही दहादा बजावलं होतं. एकही ड्रम सोडायचा नाही, अक्का, एकही. निळा ड्रम आला तेव्हा मात्र तिला काही सांगायचं मला सुचलं नाही.

बोळात कुणी नव्हतं. निदान मला तसं वाटलं. मी पुठ्ठा ओढून काढला, दुमडला आणि शर्टाच्या खिशात कोंबला.

मॅनेजर पद्मनाभ सरांना मी सगळं खरं सांगितलं, म्हणजे निम्मं. नळाचं पाणी आत गेलं आहे, सहाही कपाटं आत्ता थांबवावी लागतील, सगळे पाइप धुवावे लागतील, आठवडा जाईल. सरांचा चेहरा उतरला. त्या कपाटांवर एका गिऱ्हाइकाचं काम अठरा दिवस सलग चाललं होतं आणि तीन दिवसांत संपणार होतं.

"झालं कसं पण?" त्यांनी विचारलं.

"सफाईत चूक झाली," मी म्हणालो.

हे शब्द माझ्याच तोंडून गेले. कुणी माझा गळा धरला नव्हता.

कपाटं थांबवून मी परत आलो तेव्हा पारूअक्का सरांच्या टेबलासमोर उभी होती. पदराला हात पुसत होती, आधीच कोरडे असलेले.

"यारु हेळिद्रु?" सरांनी तिला विचारलं. कुणी सांगितलं? मग तिला नीट कळावं म्हणून मराठीतही विचारलं.

तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "कुणी सांगाय लागतंय व्हय, साहेब? घरात बी आम्ही वततोच की. माझंच चुकलं."

"कुणीच सांगितलं नाही?"

"न्हाई, साहेब."

सरांनी सफाईच्या कंत्राटदाराला फोन लावला. उद्यापासून दुसरी बाई पाठवा, एवढंच सांगायचं होतं. फोन एंगेज. त्यांनी पुन्हा लावला. पुन्हा एंगेज. खिशातला पुठ्ठा मला टोचत होता. तिसऱ्यांदा ते नंबर दाबत असताना मी तो काढला आणि उलगडून टेबलावर ठेवला.

"हिचा दोष नाही, सर. मीच सांगितलं होतं. लिहून लावलंही होतं."

सरांनी वरचं कन्नड वाचलं, सही पाहिली. "हे कुठे होतं?"

"बोळात. आज सकाळपर्यंत."

'आज सकाळपर्यंत'चा अर्थ त्यांना कळायला वेळ लागला नाही. फोन त्यांनी खाली ठेवला. "तुम्ही दोघं बाहेर थांबा. मी बेंगळुरूला बोलतो."

आम्ही बोळात जाऊन पायरीवर बसलो. नवे पंप बंद होते. सहा महिन्यांत पहिल्यांदा इतकं शांत वाटत होतं, आणि ती शांतता मला सोसत नव्हती. भिंतीवर पुठ्ठ्याच्या जागी स्वच्छ चौकोन उरला होता.

"अक्का, माझं चुकलं," मी म्हणालो.

"त्यो कागुद काढताना मी बघितलं हुतं तुला," ती म्हणाली. "न्हाणीच्या दारात हुते मी."

"मग आत बोलली न्हाईस का?" मी विचारलं.

"तू बोलतोस का, त्ये बघत हुते."

खरं सांगतो, पहिल्याच वेळी फोन लागला असता तर तो पुठ्ठा मी खिशातून काढला नसता. हे तिलाही कळलं होतं का, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. ती उठली, बादली उचलली आणि निळ्या ड्रमवर झाकण घातलं.

आतून सरांनी मला हाक मारली. फक्त मला.