तळहातावरचं पंचामृत

नगरच्या कॉलेजात मी निवृत्त होईपर्यंत ग्रंथपाल होतो. रसायनशास्त्राची पुस्तकं मी नुसती रचून ठेवली नाहीत, वाचलीही. कळली किती, ते विचारू नये.

पुतणी प्रणिता तिथेच पीएचडी करते. विषय पंचामृत. दूध, दही, तूप, मध, साखर एकत्र आल्यावर तुपाचे थेंब किती वेळ सुटे राहतात, हे ती पाहते. त्यासाठी एक रंग असतो. तो तुपात शिरला की मायक्रोस्कोपखाली लाल उजळतो, पाण्यात गप्प बसतो. चारचौघांत माझंही तसंच होतं.

पुण्याहून उसना आणलेला मायक्रोस्कोप त्या संध्याकाळी परत जायचा होता. सकाळचे फोटो झाले होते. त्याच पंचामृताचा दुपारचा फोटो निघाला की तिचं शेवटचं प्रकरण पुरं होणार होतं. कालवलं मीच होतं. वाटीत तुळशीचं पान पाहून ती म्हणाली, "काका, हा नमुना आहे, नैवेद्य नाही." मी पान काढलं. पळी मात्र राहू दिली, ढवळायला.

दुपारी ती काचपट्टी पुसत होती, मी वाटी धरून उभा होतो. तेवढ्यात विभागप्रमुख सुहास सर आले. अंधश्रद्धेवर त्यांची गावोगाव व्याख्यानं होतात. आताही फोनवर कुणाला तरी सांगत होते, "अहो, सत्यनारायण म्हणजे निव्वळ शिऱ्याची सोय." बोलता बोलता वाटी-पळी दिसली, तसा फोन खांद्याशी दाबून त्यांनी उजवा तळहात पुढे केला, खाली डावा.

पुढे आलेल्या हाताला नाही म्हणणं मला कधी जमलेलं नाही. मी पळी रिकामी केली. ते पिऊन त्यांनी पुन्हा हात केला. मी पुन्हा घातलं. वाटी संपली. सरांनी ओला हात टकलावरून फिरवला.

"काका, काय केलंत हे?"

"त्यांनी हात केला गं."

सरांनी फोन ठेवला. "काय झालं?"

"सर, तुम्ही माझं शेवटचं प्रकरण प्यायलात."

सर वाटीकडे बघत राहिले. "रंग घातला होता?"

"अजून नव्हता. नशीब तुमचं."

"नशीब वगैरे काही नसतं."

"सर, डोक्यावर थोडं असेल," मी म्हणालो. माझा आवाज मलाच परका वाटला. "जरा वाकता का?"

सर वाकले. प्रणितानं बारीक नळीनं थेंब टिपला, रंग घालून मायक्रोस्कोपखाली ठेवला. सगळं लालेलाल.

"तूप एकत्र आलं का?" सरांनी आशेनं विचारलं.

"हे तुमचं खोबरेल आहे, सर."

"टकलाला खोबरेल?" मी बोलून गेलो. नको होतं बोलायला.

प्रणिता म्हणाली, "दुपारचा नमुना का नाही, ते प्रबंधात लिहावं लागेल. खरं कारण लिहू?"

सरांनी लगेच पुण्याला फोन लावला. मायक्रोस्कोप अजून दोन दिवस नगरला लागेल, जबाबदारी माझी, म्हणाले. पलीकडून कारण विचारलं असावं. "तांत्रिक," सर म्हणाले.

मग माझ्याकडे वळले. "उद्या ताजं कालवा. मध जरा कमी घाला, तुपाची चव दबते."

"सर, मध मोजून असतो. प्रयोग आहे."

"मग माझी वाटी वेगळी आणा," सर म्हणाले.